बाई, इथे ‘व्हेज’ म्हणू नका

टोकियोतल्या पहिल्याच रात्री आईच्या पुढ्यात आलेलं जेवण हलत होतं.

खोल वाडग्यात तळलेल्या तोफूचे दोन चौकोन, भोवती पातळ तपकिरी रस्सा, वर किसलेला मुळा. आणि त्या सगळ्यावर सुताराच्या रंध्यातून निघावेत तसे पातळ, गुलाबीसर पापुद्रे. वाफ लागली की ते मुरडत होते, वळत होते, पुन्हा उलगडत होते. आई चॉपस्टिक्स मुठीत धरून बघत राहिली. ती एकोणसत्तर वर्षांची आहे, मिरजेला प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलंय, सहसा दचकत नाही.

“हे जिवंत आहे,” ती शांतपणे म्हणाली.

मी वेटरला विचारलं, “व्हेजिटेरियन?” त्यानं हसून मान डोलावली. “हाय, हाय! तोफू!” खोटं बोलत नव्हता बिचारा. तोफूच होतं ते. पापुद्र्यांचं नाव मला फोनच्या कॅमेऱ्यानं सांगितलं : कात्सुओबुशी. ट्यूनाच्या कुळातला मासा उकडायचा, धुरी द्यायची, मग इतका वाळवायचा की त्याचं लाकूड होतं. एकमेकांवर आपटलं तर खटखट वाजतं. मग ते लाकूड रंध्यावर किसायचं. कोकणातल्या सुक्या मासळीचा हा लांबचा भाऊबंद, फक्त वास नेमस्त आणि रुबाब जास्त. पापुद्रे बाजूला काढून उपयोग नव्हता, कारण खालचा रस्साही त्यांचाच होता.

आईनं त्या रात्री हॉटेलवर मेतकूट-भात खाल्ला. भात कोपऱ्यावरच्या दुकानातला, पाकिटात शिजवलेला, दुकानदारानं मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिलेला. मेतकूट मिरजेचं.

आता थोडं मागचं. आम्ही निघालो ते भाऊबीज झाल्यावर, नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात. बाबांनी विमानात इतके तास बसायला साफ नकार दिला. जपानला जायचं आईच्या मनात शाळेत असल्यापासून होतं. भूगोलाच्या पुस्तकातल्या फुजीच्या चित्रामुळे, असं ती सांगते. मी रेल्वे, हॉटेलं, पानगळीचे रंग कुठे कधी चढतात, सगळं बघून ठेवलं होतं. आईच्या पोटाचा विचार मात्र “बौद्ध देश आहे, मिळेलच की काहीतरी” एवढ्यावर सोडला होता. त्यात ती नुसती शाकाहारी नाही. चातुर्मास पाळते. कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला होती, तोवर कांदा-लसूणही बंद. माझं म्हणाल तर मी पुण्यात सगळं खाते. पण आईसमोर नाही, आणि तिच्यासोबत उपाशी राहण्यात जी मजा असते ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी आईचा एक जुना विद्यार्थी भेटला. टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाई नावाचा भाग आहे, तिथे भारतीयांची मोठी वस्ती. हा भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या नगरसभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते, यावरून अंदाज करा. हा विद्यार्थी तिथे बारा वर्षं आहे, दोन मुलींचा बाप आहे, पण स्टेशनबाहेर आईला बघताच चौथीतल्यासारखा उभा राहिला. तिनं दिवाळीच्या फराळाचा डबा त्याच्या हातात ठेवला आणि आदल्या रात्रीची हकिगत सांगितली.

“बाई, इथे ‘व्हेज’ म्हणू नका,” तो म्हणाला. “त्यांना वाटतं तुम्हाला भाज्या आवडतात.”

मग त्यानं जे समजावलं ते कुठल्याच प्रवास-मार्गदर्शिकेत मी नीट वाचलं नव्हतं. ‘निकु’ म्हणजे मांस हे खरं, पण तिथल्या बोलण्यात निकु म्हटलं की डोळ्यांसमोर गाय नाहीतर डुक्कर येतं. मासा त्यात धरत नाहीत. ‘निकु नको’ म्हटलं की तुम्हाला आनंदानं कोळंबी मिळते. पण मासाही दिसतो तरी. न दिसणारी गोष्ट म्हणजे दाशी. (“ही दाशी कोण?” आईनं विचारलं. तिला वाटलं बाईचं नाव असावं.) दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं पाणी. बहुतेक वेळा कात्सुओबुशी आणि कोंबू नावाचं जाड समुद्रशेवाळ मिळून केलेलं. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सुपात ती, नूडल्सच्या रश्शात ती, शिजवलेल्या भोपळ्यात ती, आमलेटात ती, पालकाच्या कोशिंबिरीतसुद्धा ती.

“मग सांगत का नाहीत?”

“बाई, वरणात हिंग आहे असं आपण पाहुण्यांना सांगतो का?”

हे आईला पटलं. माझ्या मते संपूर्ण सहलीतलं सर्वांत उपयोगी वाक्य तेच. लोक लपवत नव्हते. त्यांच्या लेखी तो पदार्थच नव्हता.

त्यानं एका कार्डावर जपानीत लिहून दिलं : मांस, मासे, शंख-शिंपले, अंडं नको. माशाची दाशी नको. कोंबू आणि शिइताके मशरूमची दाशी चालेल. दूध चालेल. कांदा-लसणाचं मात्र लिहिलं नाही. “ते लिहिलं तर बाई, तुम्हाला फक्त पाणी मिळेल.” आईनं आठवण करून दिली की अजून सहा दिवस चातुर्मास आहे. त्यानं मान खाली घातली. लिहिलं तरी नाहीच.

कार्ड हातात आल्यावर आमची एक पद्धत बसत गेली. जेवणाच्या वेळी जायचं नाही. साडेअकराला, दुकान उघडता उघडता जायचं. कार्ड वेटरच्या हातात देऊन तो ते आत नेईपर्यंत उभं राहायचं. आतून स्वयंपाकी स्वतः बाहेर आला तर आशा आहे. त्यानं मान एका बाजूला कलती करून दातांमधून हवा आत ओढली आणि “चोत्तो…” म्हटलं की पिशवी उचलायची. ‘चोत्तो’ म्हणजे ‘जरा’. जरा काय, ते कुणी पुढे सांगत नाही. नाही म्हणायची ही त्यांची रीत. तिसऱ्या दिवसापर्यंत आई तो हवा ओढण्याचा आवाज दारातूनच ओळखायला लागली होती.

टोकियोत आम्ही जे करतात ते सगळं केलं. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात धुपाचा धूर हातानं अंगावर घेतला. आरती घेतो तसाच, आईला सांगावं लागलं नाही. शिबुयाचा चौक बघितला. आई म्हणाली, दादरला काय वेगळं असतं, फक्त हे सिग्नलला थांबतात. ट्रेनमध्ये तिनं मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि मिरजेच्या आवाजात “ऐकू येतंय का गं?” विचारलं, तेव्हा अख्ख्या डब्यानं आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला. बाकी टोकियोबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

कोपऱ्यावरच्या दुकानांबद्दल मात्र सांगायला हवं. त्यांना तिथे ‘कोन्बिनी’ म्हणतात आणि ती चोवीस तास उघडी असतात. त्यातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका, भोवती नोरी शेवाळाचं पान. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. एकची पट्टी वरून खाली ओढायची, मग दोनचा कोपरा, मग तीनचा. भात आणि नोरीच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तो दोन बाजूंनी निसटतो आणि कुरकुरीत पान भाताला तेव्हाच पहिल्यांदा शिवतं. आईनं पहिल्या वेळी थेट तीनपासून सुरुवात केली आणि निम्मी नोरी प्लास्टिकमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा लावून, आकड्यांप्रमाणे, दोन्ही हातांनी उघडलं. मग वेष्टन टेबलावर सपाट करून ते कसं घडी घातलंय ते बघत बसली. “हस्तकलेच्या तासाला हे घ्यायला हवं होतं.”

आत काय, ते कॅमेऱ्यानं वाचायचं. कोंबूचं सारण शाकाहारी वाटतं, पण मागच्या बाजूला माशाचा अर्क निघतो. उमेबोशी म्हणजे खारवलेलं उमे फळ. जर्दाळूच्या कुळातलं, आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याइतकं आंबट-खारट. त्यातही कधी अर्क असतो, कधी नसतो. सर्वांत बिनधोक नुसती मिठाची ओनिगिरी. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी. आमची निम्मी न्याहारी यावर निघाली.

क्योतोला जाताना शिनकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, सुटी तिकिटं काढली. परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला होता; आमच्यासारख्या दोन-तीन लांबच्या प्रवासांत तो वसूल होत नव्हता. (तेव्हा येनला साधारण ५५ पैसे पडत होते.) फुजी दिसावा म्हणून उजवीकडची खिडकी घेतली होती. फुजी ढगात होता. भूगोलाच्या पुस्तकासाठी आलेली बाई दहा मिनिटं खिडकीला नाक लावून बसली, मग तिनं पिशवीतून हिरागाना लिपीचा तक्ता काढला. निशी-कासाईच्या विद्यार्थ्यानं त्याच्या धाकटीच्या बालवाडीतला दिला होता.

“अगं, ही आपलीच वर्णमाला आहे.”

मी म्हटलं, असं कसं असेल. पण तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. स्वर : आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र व. तिला खटकत होतं ते इतकंच की च च्या जागी सा आणि प च्या जागी हा कसा बसला. मी फोनवर शोधलं, तर उत्तर सापडलं : जुन्या जपानीत त्या ‘सा’चा उच्चार ‘त्स’च्या जवळ होता आणि ‘हा’चा ‘पा’. संस्कृत मंत्र शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी अक्षरांचा क्रम भारतातून चीनमार्गे आलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घेतला, पुढे उच्चार बदलले आणि क्रम तसाच राहिला. क्योतो येईपर्यंत आई डब्यातल्या पाट्या वाचत होती. अर्थ कळत नव्हता, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पहिलीतली मुलंही आधी असंच वाचतात.

क्योतोत पोटापुरतं बरं होतं. उकळत्या कोंबूच्या पाण्यात ठेवलेलं तोफू तिथे मिळतं. ते आईला ‘आजारपणातलं जेवण’ वाटलं. फुशिमी इनारीच्या डोंगरावर लाल कमानींखालून तासभर चढलो. प्रत्येक कमान कुणीतरी दान दिलेली, मागच्या बाजूला दात्याचं नाव. इनारी भातशेतीचा देव, त्याचा दूत कोल्हा, आणि कोल्ह्याला तळलेलं तोफू आवडतं म्हणतात. म्हणून त्या तोफूच्या पिशवीत भात भरून इनारी-सुशी करतात. शाकाहारी दिसते. पिशवी दाशीत शिजवलेली असते. चोत्तो.

पण गोडाच्या बाबतीत आईला पहिल्यांदा घरी आल्यासारखं झालं. यात्सुहाशी नावाची क्योतोची मिठाई : तांदळाच्या पिठाची उकड काढून, दालचिनी घालून पातळ लाटायची, चौकोन कापायचा, मध्ये आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड वाटण ठेवून त्रिकोणी दुमडायचं. दुकानात चवीला तुकडे ठेवले होते. आईनं एक खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला.

“पारी मोदकाची, सारण पुरणाचं. वेलदोडा नाही आणि दालचिनी जास्त. पण हात चांगला आहे.”

दुकानातल्या बाईंना यातलं काही कळलं नाही, तरी त्यांनी वाकून नमस्कार केला. आम्ही तीन पुडे घेतले. बाबांना मधुमेह आहे हे आईला पैसे दिल्यावर आठवलं.

कोयासानचा बेत माझा होता. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून नानकाई कंपनीची गाडी डोंगरात जाते. शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गाचा पूल. तिथून पाच मिनिटं तारेनं ओढलेली, पायऱ्यापायऱ्यांची रेल्वे, आणि वर सुमारे आठशे मीटरवर मठांचं गाव. ११७ मठ आहेत, त्यातल्या पन्नासेकांत प्रवाशांना मुक्काम करता येतो. ८१६ साली कूकाई नावाच्या भिक्षूला सम्राटानं ही जागा दिली. कूकाई त्याआधी, ८०४ ते ८०६ या काळात, चीनला जाऊन आला होता. तिथे त्यानं नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृतचे धडे घेतले. बसमध्ये मी आईला हे वाचून दाखवत होते तेवढ्यात पहिला थांबा आला : न्योनिन्दो, बायकांचं देऊळ. १८७२ पर्यंत बायकांना डोंगरावर प्रवेश नव्हता, त्यांनी इथपर्यंत यायचं आणि इथूनच हात जोडायचे.

“आपण शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचं २०१६ पर्यंत ताणलं,” आई म्हणाली आणि खिडकीतून त्या देवळाकडे, बस वळेपर्यंत, बघत राहिली.

मठातली पद्धत सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या. तातामीची चटई आली की सपाताही काढायच्या. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. आईला यातलं काही शिकवावं लागलं नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईला सपातांचे तीन दर्जे म्हणजे काहीच नाही. चुकली ती युकातात. खोलीत घडी करून ठेवलेला सुती झगा तिनं घातला, पट्टा बांधला आणि ओवरीत आली. चहा घेऊन येणारा तरुण भिक्षू दारातच थबकला. हातातला ट्रे खाली ठेवला, स्वतःच्या गळ्याशी दोन्ही हात नेऊन उजवी बाजू आत, डावी वर, असं दोनदा करून दाखवलं. आईनं उजवी वर घेतली होती. तशी फक्त मृताला घालतात.

“बरं झालं सांगितलंस, बाळा,” आई त्याला मराठीत म्हणाली आणि आत जाऊन बदलून आली.

साडेपाचला जेवण. हो, साडेपाचला. बाहेर अंधार, खोलीत रॉकेलचा हीटर, जमिनीवर उश्या, आणि प्रत्येकीपुढे पायांचे दोन लाल लाखेचे चौरंग. चौरंगावर झाकणाच्या छोट्या छोट्या वाट्या. तरुण भिक्षूनं गुडघ्यावर बसून एकेक झाकण उचललं. मी सवयीनं कार्ड काढलं. त्यानं वाचलं, हसला आणि दोन्ही हातांनी परत दिलं. मग थांबत थांबत इंग्रजीत सांगितलं, की इथे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. दाशी कोंबूची आणि शिइताकेची. आणि बोटांवर मोजत : कांदा नाही, लसूण नाही, पात नाही.

शोजिन र्योरी म्हणतात या स्वयंपाकाला. उग्र वासाच्या पाच भाज्या वर्ज्य. त्यात कांदा-लसणाचं सगळं घराणं आलं. मी आईकडे बघितलं. इतके दिवस ती प्रत्येक घासाआधी थांबत होती, वास घेत होती, माझ्याकडे बघत होती. आता तिनं विचारलंही नाही. जेवणाआधीचा श्लोक पुटपुटली, आणि भिक्षूनं “इतादाकिमासु” म्हटलं ते तिच्या श्लोकाच्या शेवटाला बरोबर जुळलं.

पहिली वाटी गोमादोफूची. नाव तोफूचं, पण सोयाबीनचा दाणाही नाही. तीळ वाटून गाळलेलं दूध आणि कुझू नावाच्या मुळाचं सत्त्व, एकत्र ढवळत, घोटत आटवायचं आणि थापायचं. वर बोटभर वासाबी, तळाला दोन थेंब सोया. चमच्यानं दाबलं की थरथरतं, कापलं की कड धरून राहतं, जिभेवर ठेवलं की तिळाचा वास आधी नाकात चढतो आणि मग बाकीचं विरघळतं. आईनं एक घास बराच वेळ तोंडात ठेवला.

“हा खरवस नाही,” ती म्हणाली, “पण खरवसाची मावसबहीण आहे.”

कोयादोफू इथलंच : डोंगरावरच्या थंडीत तोफू गोठवून, वाळवून स्पंजासारखं झालेलं. गोडसर रश्शात भिजवलेलं, चावलं की तोंडात पाणीच पाणी. शिवाय भाज्यांचा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, लोणची, भात, मिसो सूप, आणि शेवटी काकी फळाची एक फोड. चवी सगळ्या खालच्या पट्टीतल्या. तिखट नाही, फोडणी नाही, आणि तरी पोकळ काहीच लागत नव्हतं. कोंबूतल्या याच भरीव चवीला १९०८ साली टोकियोतल्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञानं ‘उमामी’ नाव दिलं. मिसो सूप पिऊन आईनं वाटीचा तळ बघितला आणि विचारलं, आणखी मिळेल का. दाशीला घाबरून इतके दिवस तिनं एकही सूप प्यायलं नव्हतं.

जेवणानंतर सामायिक न्हाणीघर. कपडे सगळे काढायचे, छोट्या स्टुलावर बसून आधी अंग साबणानं स्वच्छ धुवायचं, आणि मग गरम पाण्याच्या हौदात नुसतं बसायचं. आई म्हणाली, मी खोलीत पुसून घेते अंग. मी आग्रह केला नाही. पण खोलीबाहेर थंडी होती आणि तिचे गुडघे सकाळपासून बोलत होते. पावणेआठला ती टॉवेल घेऊन माझ्यामागे आली. आत एक जपानी आजी होत्या, आईच्याच वयाच्या, हौदात गळ्यापर्यंत, डोक्यावर घडी घातलेला रुमाल. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटलेलेच ठेवले. आई आत उतरली, “अगंबाई” म्हणाली, आणि गप्प झाली. बऱ्याच वेळानं :

“बंबातलं पाणी असंच असायचं. आंघोळ संपूच नये वाटायचं. पण मागे सात जणं उभी.”

पहाटे सहाला प्रार्थना. अंधार्‍या सभागृहात पितळी दिवे, आणि भिक्षूंचा एकसुरी, पोटातून येणारा आवाज. मला त्यात काहीच कळत नव्हतं. त्यानंतर शेजारच्या छोट्या देवळात गेलो. मधोमध चौकोनी वेदी, समोर एक भिक्षू, बाजूला दुसरा मोठा ढोल वाजवतोय. वेदीवर समिधांसारख्या काड्या रचलेल्या. त्यानं लांब दांड्याच्या पळीनं तेल ओतलं, काहीतरी पुटपुटत चिमूट टाकली आणि ज्वाळा छताकडे झेपावली. याला ते ‘गोमा’ म्हणतात. तिळाचा गोमा नव्हे. हा शब्द ‘होम’चा. देवता फुदो, म्हणजे आपल्याकडचा अचल.

ढोलाच्या ठेक्यावर मंत्र चालू होता : “नोमाकु सामांदा बाझारादा…” पहिली काही आवर्तनं तशीच गेली. मग आईनं माझं मनगट धरलं.

“नमः समन्त… वज्र… म्हणतायत.”

आणि प्रार्थनेत मघाशी काय होतं ते तिनं तिथेच कुजबुजत उलगडायला घेतलं. कितीतरी मंत्रांच्या आरंभी येणारं ‘ओन’ म्हणजे ॐ. ‘मानी हांदोमा’ म्हणजे मणि पद्म. आणि शेवटी वारंवार येणारं ‘सोवाका’? ते मला तिनं सांगितलं नाही. पुढचा ‘सोवाका’ आला तेव्हा तिचा उजवा हात, अंगठा आणि दोन बोटं जुळवून, आहुती टाकतात तसा, मांडीवरच पुढे झाला. स्वाहा.

न्याहारीनंतर ओकुनोइनला गेलो. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे उंच, देवदारासारखे सुगी वृक्ष आणि त्यांच्याखाली दोन लाखांहून जास्त समाध्या, शेवाळानं हिरव्या झालेल्या. सोळाव्या शतकातला सेनानी ओदा नोबुनागा आणि त्याचा घात करणारा आकेची मित्सुहिदे, दोघंही इथेच आहेत. जिझो म्हणजे मुलांचा रक्षक बोधिसत्त्व; त्याच्या लहान मूर्तींच्या गळ्यात लाल लाळेरी. नव्या भागात कंपन्यांचीही स्मारकं : एक रॉकेटच्या आकाराचं, एक वाळवीचं. वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांनी मारलेल्या वाळवीसाठी उभं केलेलं. दगडावर हिरागाना होतं आणि आईनं बोट फिरवत मोठ्यानं वाचलं : “शि… रो… आ… री.” पुढचं मी कॅमेऱ्यानं वाचलं. वाळव्यांनो, शांत झोपा.

जुन्या समाध्यांची बांधणी एकाच नमुन्याची : खाली चौकोन, वर गोल, वर त्रिकोण, वर अर्धचंद्र, टोकाला मण्यासारखा दगड. प्रत्येकावर सिद्धम् लिपीतलं एक अक्षर. मोडी ज्यांनी पाहिलीय त्यांना ही जात कळेल : एखादं वळण ओळखीचं वाटतं आणि हात लावेपर्यंत निसटतं. मठात मिळालेल्या माहितीपत्रकात अक्षरं दिली होती. खालून वर : अ, व, र, ह, ख. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, आकाश.

“ख म्हणजे आकाश,” आई म्हणाली. “खगोल. खग. मुलांना कितीदा सांगितलंय.” तिनं वरच्या मण्यापर्यंत हात उंचावला, पोचला नाही.

वाटेच्या शेवटी पूल आहे. त्यापलीकडे फोटो काढायचे नाहीत, टोपी घालायची नाही. पलीकडे दीपगृह आणि त्यामागे कूकाईची जागा. तो ८३५ साली गेला असं इतिहास म्हणतो. कोयासान म्हणतं तो ध्यानाला बसलाय, अजून बसलाय. मी हे आईला जरा कौतुकानं सांगायला गेले, तर ती सहज म्हणाली, “म्हणजे आळंदीसारखं. संजीवन समाधी.” मुद्दा संपला.

साडेदहाला तिघं भिक्षू आले. पुढे एक, मागे दोघांच्या खांद्यावर पांढरी लाकडी पेटी. हे कूकाईचं जेवण. रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, त्याच्यापुढे ठेवतात. बाराशे वर्षांची रीत मानतात. पेटी आधी एका छोट्या जिझोच्या देवळीपाशी थांबते. हा चव घेणारा जिझो. त्यानं पसंत केलं की पुढे. आईनं नमस्कार करता करता बूट काढायला पाय सैल केला. मी तिला थांबवलं, फरशी बर्फासारखी होती. तिघं पूल ओलांडून गेले. आमच्यासोबत इंग्रजी येणारा एक वाटाड्या होता. आईनं मला त्याला विचारायला लावलं, आज काय आहे जेवायला?

तो हसला. म्हणाला, शाकाहारी असतं, रोज बदलतं, हल्ली म्हणे कधी पास्ताही असतो.

“कांदा-लसूण न घालता,” आईनं मला बजावलं. “ते विचार.”

१२ तारखेला, कार्तिकीला, आम्ही ओसाकात होतो. उपास मोडायचा नाही हे ठरलेलं. साबुदाणा कुठून आणणार? मी सकाळपासून काळजीत. संध्याकाळी सुपरमार्केटच्या दाराशी एक यंत्र दिसलं, आत गरम गोट्यांवर लांबट काहीतरी ठेवलेलं, भाजलेल्या सालाचा गोड वास रस्त्यापर्यंत. याकी-इमो. भाजलेली रताळी. आईनं दोन घेतली, हॉटेलच्या खिडकीत बसून साल सोललं. आतून केशरी-पिवळी, साखर सुटून चिकट झालेली. सोबत उरलेले शेंगदाणे.

“पंढरपुरात याहून चांगलं मिळालं नसतं,” ती म्हणाली आणि दुसऱ्याचा अर्धा तुकडा मला दिला. मी उपास करत नाही, हे तिला माहीत आहे.

मिरजेला परतल्यावर पंधरा दिवसांनी तिनं गोमादोफू करायला घेतलं. पांढरे तीळ भिजवून मिक्सरमधून काढले, पंचातून पिळले. कुझू नाही म्हणून आरारूट. पितळी पातेल्यात पंचवीस मिनिटं एकसारखं ढवळलं, मी फोनवर घड्याळ लावून शेजारी उभी. ताटलीत थापलं, गार केलं, वड्या पाडल्या. वासाबीऐवजी आलं किसून घातलं. थरथरत होतं, कडही धरली होती. बाबांपुढे वाटी ठेवली.

त्यांनी चमच्यानं कोपरा तोडला, खाल्ला, पुन्हा खाल्ला. मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज दिला :

“अगं, खरवसात साखर घालायची राहिली का?”